हात सुटला की दिवा जातो

ता. ३ मार्च

चि. सौ. थोरली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

लिहून देणार मी, तुझा बाप. वय वर्षे एकाहत्तर पूर्ण. शिक्षण इयत्ता चौथी, पहिल्या वर्गात उत्तीर्ण. धंदा बैठका व पट्टे शिवण्याचा. प्रथम मोटारींच्या, नंतर विमानांच्या, आणि अलीकडे या चाचणी केंद्राच्या. येथे नवीन आलेले लोक मला ‘पट्टेवाले’ अशी हाक मारतात. पट्टेवाला म्हणजे शिपाई. मी शिपाई नाही, हे मी प्रत्येकास एकदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगत नाही, ओ देत नाही. प्रकृती ठीक, दृष्टी ठीक. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही.

तू भिंगरीला माझ्याकडे ठेवून जाताना म्हणाली होतीस, “तिला काही झालं तर मला तोंड दाखवू नका.” तिला काही झालेले नाही, तरी तूही तीन वर्षे तोंड दाखविले नाहीस. हा न्याय मला उमगलेला नाही. तथापि या पत्राचा तो विषय नव्हे.

विषय असा, की अंतराळात पाठवावयाच्या स्त्रियांच्या निवडीत तुझी मुलगी, आपली भिंगरी, अखेरच्या चौघींत आली आहे. पुरुष जाऊन आले. बाईचे शरीर तेथे टिकेल किंवा कसे, हे आता पाहावयाचे आहे. त्यासाठी या मुलींचे जे काही करतात ते तुला ऐकवणार नाही. थोडेसेच लिहितो. कानात बर्फाचे पाणी सोडतात, म्हणजे बसल्या जागी खोली फिरू लागते. कोमट पाण्याच्या हौदात, काळोखात, आवाज नाही उजेड नाही अशा स्थितीत तरंगत ठेवतात, आणि मन केव्हा भरकटते ते पाहतात. एक दणकट पुरुष त्या हौदातून रडत बाहेर आला होता असे सांगतात. आपली मुलगी त्यात झोपली. बाहेर काढल्यावर म्हणाली, “इतकी शांत झोप आमच्या घरात कधी लागली नाही. आजोबा झोपेतसुद्धा भांडतात.” सर्व हसले. मी हसलो नाही, कारण ते खरे नाही.

आता शेवटची चाचणी राहिली. ती ज्या यंत्रात होते त्याचे नाव मोठे आहे. आम्ही कामगार त्याला घाणा म्हणतो. गोल दालन, मध्ये खांब, खांबाला आडवा लांब लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला चारी बाजूंनी बंद अशी खुर्ची. तिला पाळणा म्हणतात. दांडा फिरू लागला की वेगाप्रमाणे बसणाऱ्याचे अंग जड होते. दुप्पट, तिप्पट, त्याहून पुढे. यान वर जाताना असाच भार पडतो. पाळण्यात डोकावून पाहण्याची सोय नाही, आणि आवाज इतका की ओरडले तरी ऐकू येणार नाही. म्हणून बसणाऱ्याच्या उजव्या हातात एक मूठ दिलेली असते. ती दाबून धरली की बाहेर काचेमागे हिरवा दिवा लागतो. हात सुटला की दिवा जातो. दिवा गेला की चालक यंत्र थांबवितो. तेथे बाकी कशालाही किंमत नाही.

पुरुषांच्या मापाचे पट्टे बाईच्या खांद्यावरून घसरून गळ्याशी येत, म्हणून ते सर्व मी नव्याने शिवले. मूठही पुरुषी पंजाच्या मापाची आहे. ती बदलावी असे सुचविले असता “पुढच्या वर्षी बघू” असे उत्तर मिळाले. भिंगरीच्या हातमोज्याला मी थोडी दुरुस्ती करून दिली आहे. त्यात लिहिण्यासारखे काही नाही.

अविवाहित मुलीच्या आईबापांची संमती लागते असा येथील नियम आहे. पुरुषांना तो नाही. भिंगरी विचारीत होती, “त्यांच्या आयांना काय मुलगे नकोसे झालेत?” जावईबापूंनी सही पाठविली. तुझी आली नाही. एका सहीवर भागते; मात्र मुलीचे पट्टे आवळले जाईपर्यंत आई हरकत घेऊ शकते. चाचणी ता. १७ रोजी सकाळी आहे.

केवळ माहितीसाठी कळविले. तू यावेस असे माझे म्हणणे नाही. काळजीचे कारण नाही. मला भीती वाटत नाही.

तुझा बाप


ता. ११ मार्च

चि. सौ. थोरली हिस आशीर्वाद.

मागील पत्राची पोच नाही. टपाल उशिरा पोहोचत असेल असे धरून चालतो.

काल पोहणारी घाण्यात बसली. ही त्या चौघींपैकी दुसरी. मोठी जलतरणपटू आहे; खांदे असे रुंद, की तिच्यासाठी मला पट्टे वाढवावे लागले. तिला गप्प राहणे ठाऊक नाही. मी पट्टे आवळीत असताना म्हणाली, “काका, असं बांधा की देवानं ओढलं तरी सुटायला नको!” मी म्हणालो, “माझे काम आजवर सुटलेले नाही.” तर म्हणते, “म्हणून तर काकूंना पळून जाता आलं नाही!” तुझ्या आईच्या पश्चात असे बोलणे मी दुसऱ्या कोणाचे चालवून घेतले नसते.

पाळण्याचे दार लावून मी काचेमागे जाऊन उभा राहिलो. दिवा लागला. यंत्र फिरू लागले. चालक एकेक टप्पा म्हणत होता, डॉक्टरीणबाई मान हलवीत होत्या. आणि दिवा गेला.

यंत्र एकदम थांबत नाही. ते आपल्या लयीत हळूहळू उतरते, आणि तोवर कोणालाही आत जाता येत नाही. थांबल्यावर पट्टे सोडविण्यासाठी प्रथम मी जातो. ती मान टाकून बसली होती. डोळे उघडे होते, पण त्यांत बुबुळे नव्हती. उजव्या हाताची बोटे सैल पडून तळहात वर झाला होता. जरा वेळाने तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “काका, सुरू कधी करणार?”

तिला वाटत होते, की अजून आरंभच झालेला नाही.

डॉक्टरीणबाईंना मी विचारले, हे असे कसे. त्या म्हणाल्या, “मिस्त्री, भार वाढला की डोक्यातलं रक्त खाली उतरतं. शुद्ध जाते, ती जाणाऱ्याला कळत नाही. हात सुटतो, म्हणून आपण थांबतो. थांबलो नाही तर मेंदूला रक्त मिळणार नाही. मग उठून बसणारं माणूस तेच असेल की नाही, सांगता येत नाही. उठेल की नाही, तेही.”

त्यानंतर मी दुपारचे जेवलो नाही. उष्म्यामुळे असेल.

घरी आल्यावर भिंगरी ओट्याशी उभी राहून पोळी खात होती. मी म्हणालो, “तुझा मोजा आण. दुरुस्ती उसवायची आहे.”

“का?”

“उसवायची आहे.”

“आजोबा, पोहणारीला पाहून तुमचं धाबं दणाणलंय.”

“माझे धाबे वगैरे काही दणाणत नाही. मोजा आण.”

तिने तोंडातला घास संपविला आणि सावकाश म्हणाली, “तुम्ही शब्द दिलाय. कोणाला सांगणार नाही, काढणार नाही. की तो फक्त बाहेरच्यांसाठी असतो?”

शब्द दिलेला आहे. तुला ठाऊक आहे, की या घरात दिलेला शब्द परत घेतला जात नाही. तू याला सुंभ आणि पीळ असे काहीतरी म्हणत असस. असो. सतरा तारखेला तुला रजा मिळण्यासारखी असेल तर पाहावे. आग्रह नाही.

तुझा बाप


ता. १६ मार्च, दुपारी

थोरले,

ताकाला जाऊन भांडे लपविण्यात आता अर्थ नाही. मी भ्यालो आहे. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे, म्हणून अक्षर वाकडे आले असल्यास क्षमा असावी.

सरावाच्या फेऱ्यांत भिंगरीचा हात पूर्ण शुद्धीत असताना मुठीवरून सुटत असे. मूठ जाड, हात लहान, त्यावर घाम आणि भार. दिवा गेला की यंत्र थांबे, आणि कागदावर लिहिले जाई की ही मुलगी एवढ्यावरच संपली. ती माझ्याजवळ येऊन रडली. तू तिला रडताना किती वेळा पाहिले आहेस? मी दोनदा, आणि पहिल्यांदा ती पाळण्यात होती. खऱ्या, लाकडाच्या पाळण्यात. म्हणाली, “आजोबा, मी ठणठणीत असते हो. हा मेला हातच सुटतो. माझ्या जागी मोठ्या पंजाचा कोणी बैल बसला तर पुढे जाईल.”

मग मी तिच्या हातमोज्याच्या आत एक वादी शिवली. मऊ चामड्याची, तळव्याच्या बाजूने, बाहेरून दिसू नये अशी. मूठ धरल्यावर डाव्या हाताने ती आकड्यात अडकविली, की बोटे मुठीभोवती आवळून राहतात. टाके बारीक आहेत. काम उत्तम झाले आहे. पुढच्याच सरावात दिवा अखेरपर्यंत राहिला आणि ती हसत बाहेर आली. मी घरी येताना मिठाई आणली.

माझ्या धंद्यात सुटणे हाच दोष. जन्मभर मी एवढेच पाहिले, की काही सुटू नये. माणूस वाचवायचे ते धरून ठेवून, असे माझे हात जाणतात. तेथे एक गोष्ट सुटण्यासाठीच ठेवलेली आहे, आणि तिचे सुटणे हेच त्या मुलीचे ओरडणे आहे, हे पोहणारीचा उघडा तळहात पाहीपर्यंत माझ्या डोक्यात आले नाही. उद्या भिंगरीची शुद्ध गेली तर तिचा हात सुटणार नाही. दिवा लागलेलाच राहील. चालक पुढचा टप्पा म्हणेल. डॉक्टरीणबाई मान हलवतील. आणि मी काचेमागे उभा राहून तो हिरवा दिवा पाहीन.

मी सांगितले तर तिला काढून टाकतील. नियम मोडणाऱ्या उमेदवाराला पुन्हा दारात उभे करीत नाहीत. ती मला आजच म्हणाली, “तुम्ही सांगितलंत ना, तर आईनं तुम्हाला सोडलं तशी मीही सोडीन. आणि मी परत येणार नाही.” न सांगावे तर काय होईल ते वर लिहिले आहे. मी मोजा लपविण्यासाठी शोधला. ती तो उशाखाली घेऊन निजते.

म्हणून तुला विनंती. हा शब्दही मी तुझ्याकरिता प्रथमच वापरीत आहे. तू ये आणि हरकत घे. तू आई आहेस. तू नाही म्हटलेस तर कोणाचा शब्द मोडणार नाही, तिची पात्रता जाणार नाही, आणि राग तुझ्यावर निघेल. तू त्या मुलीचा राग तीन वर्षे सोसते आहेस. मला एक दिवसही सोसवणार नाही.

हे पत्र टपालात टाकावयास निघालो आहे. उद्यापर्यंत ते पोहोचत नाही हे मला कळते. तरी टाकतो.

तुझा बाप


ता. १८ मार्च

चि. सौ. थोरली हिस आशीर्वाद.

लिहून देणार वरीलप्रमाणेच. वयात, शिक्षणात बदल नाही. धंद्यात बदल आहे. केंद्रात येऊ नये असे मला काल सायंकाळी सांगण्यात आले. माझी दाभणे, आरी व मेणदोरा त्यांनी घरपोच केला. नीट कागदात बांधून पाठविला, हे नमूद करतो.

काल जे घडले त्यातले बरेच तू स्वतः पाहिलेस. तरी तू काचेपलीकडे होतीस आणि मी अलीकडे, म्हणून क्रमाने लिहितो.

तू काचेमागे उभी दिसलीस. मला वाटले, पत्र मिळाले. नंतर कळले की तू आदल्या दिवशीच गाडीत बसली होतीस. डॉक्टरीणबाईंनी तुला विचारले, “आई म्हणून तुमची काही हरकत?” तू उत्तर द्यायला फार वेळ लावलास. मी मनात म्हणत होतो, म्हण, आहे म्हण, एवढे एकदा बापासाठी म्हण. आणि तू म्हणालीस, “हरकत असती तर घरी बसले असते. जाऊ दे तिला. मी बघायला आलेय.”

भिंगरीचा चेहरा जो उजळला तो मी पाहिला. तुला हे ठाऊक असावे म्हणून लिहितो, की दिव्याने तसा उजेड पडत नाही.

आता हरकत घेणारे कोणी उरले नव्हते.

मी गुडघे टेकून पट्टे आवळू लागलो. मांड्यांचे, कमरेचे, खांद्यांचे. खांद्याचा पट्टा मी दोनदा सोडून पुन्हा आवळला. तिने ते पाहिले व हळू आवाजात म्हणाली, “आजोबा, मीच जातेय ना? मग तुम्ही का घाबरताय?” नंतर डावा हात उजव्या मोज्याकडे नेला. वादी आकड्यात अडकविली. मला तो बारीक आवाज ऐकू आला, आणि ती माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली, “शब्द.”

रापी माझ्या खिशात असते. पट्ट्याची लोंबती टोके छाटण्यासाठी. मी तिचे मनगट धरले आणि तळव्याच्या बाजूने मोजा उभा फाडला. तिला खरचटले सुद्धा नाही. ती किंचाळली, ते तुला काचेतून ऐकू आले असेल. काय म्हणाली ते लिहीत नाही. वादी उपसून मी हात वर केला व मोठ्याने म्हणालो, “हे माझे काम आहे. हे मी शिवले आहे.”

चालक धावत आला. म्हणाला, “मिस्त्री, डोकं फिरलंय का तुमचं? दिवा अडकवून ठेवलात? मी हिला मारलंच असतं की हो!” त्याचे ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी वादी हातात घेऊन पाहिली. मग भिंगरीकडे न पाहता मलाच विचारले, “हिला माहीत होतं?”

मी म्हणालो, “नाही. मी तिला न कळवता शिवली.”

आयुष्यात खोटे बोललो नाही असे मी तुम्हां दोघी बहिणींना लहानपणी फार वेळा ऐकविले आहे. यापुढे ऐकविणार नाही.

भिंगरीने फाटका मोजा ओढून खाली टाकला. डॉक्टरीणबाईंनी बराच विचार केला आणि तिला दुसरा मोजा दिला, साधा. पुढचे तू पाहिलेस. दिवा लागला आणि राहिला. पोहणारी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला, की आज तेथे निळे झाले आहे. चालकाने पुढचा टप्पा म्हटला. दिवा होता. आणखी एक म्हटला. दिवा होता. मला वाटू लागले, की मुलीला काही होणार नव्हते आणि मी उगाच तिचा जन्माचा घात केला. आणि दिवा गेला.

यंत्र उतरेपर्यंतचा वेळ मी लिहू शकत नाही. त्या वेळात तू काचेवर दोन्ही तळहात टेकून उभी होतीस.

आत गेलो. मान छातीवर. डोळे पांढरे. उजवा हात उघडा. मी पट्टे सोडले नाहीत. आधी तो हात हातात घेतला. गरम होता. तिने डोळे फिरवले आणि म्हणाली, “सुटला का? मी धरला होता. आजोबा, शपथ, मी धरलाच होता!” मी म्हणालो, “धरला होतास.” तिला कळले नव्हते. पोहणारीसारखेच, तिलाही काहीच कळले नव्हते.

डॉक्टरीणबाई तिची नाडी पाहत मला म्हणाल्या, “दिवा राहिला असता तर मी पुढच्या टप्प्याला मान हलवली असती, मिस्त्री. हलवणारच होते.” तू तोवर आत आली होतीस. तू ते ऐकलेस. खाली पडलेला फाटका मोजा उचललास, त्यातून बोट फिरविलेस, आणि तीन वर्षांत प्रथमच माझ्याशी बोललीस, “बाबा, हे कधीपासून होतं?” मी म्हणालो, “सरावापासून.” तू मोजा पर्समध्ये टाकलास आणि मुलीला जवळ घेतलेस. माझ्याकडे पाहिले नाहीस. सायंकाळच्या गाडीने गेलीस. त्यात तुझे काही चुकले असे माझे म्हणणे नाही.

आता या पत्राचे खरे कारण.

भिंगरी एका टप्प्याने कमी पडली. तेवढ्याने कमी पडणारीला विश्रांतीनंतर आणखी एकदा बसू देतात. तशी तिला मुभा मिळाली आहे, पुढील महिन्यात. मूठ लहान करून घेण्याचे डॉक्टरीणबाईंनी कबूल केले आहे, पण “पुढच्या वर्षी” या उत्तराचा मला अनुभव आहे. मी तेथे नसेन. पट्टे दुसरा कोणी आवळील. त्याने आवळावेत, पट्टे चांगले आहेत, त्यांची काळजी नाही.

काळजी हाताची आहे. मी तिला न कळवता वादी शिवली हे माझे विधान खोटे आहे. तिने मागितली म्हणून शिवली. तिला ती कशी बसवितात, आकडा कोठे हवा, चामडे कोणते, सर्व ठाऊक आहे. शिवताना ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. हुशार मुलगी आहे. एकदा पाहिलेले विसरत नाही, आणि या मुलीला भीती वाटत नाही. तिच्या वाटणीची मलाच वाटते. तिला दुसरा शिवणारा मिळेल. किंवा तिचे तीच शिवेल.

म्हणून तू ये. हरकत घेऊ नकोस. मी चुकीचे मागितले होते, तू बरोबर केलेस. फक्त पट्टे आवळण्यापूर्वी तिच्या मोज्यात स्वतःची बोटे घालून पाहा. बाहेरून दिसणार नाही. तळव्याच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी चाचपड. ती चिडेल, “आई, काय हे सगळ्यांसमोर!” म्हणेल. चिडू दे. नंतर तिला म्हणावे, हात सुटला तर सुटू दे. हे मी तिला सांगू शकलो नाही, कारण मला ते सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंना यातले काही कळवू नये, ही विनंती. ही दुसरी.

खोटे विधान केले तेव्हा हजर असलेले साक्षीदार: डॉक्टरीणबाई. यंत्राचा चालक. पोहणारी. काचेमागे तू.

हे खरे विधान लिहिले तेव्हा हजर: भिंगरी, स्वयंपाकघराच्या दारात उभी. कालपासून ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही. विधान ज्याच्याविषयी असेल त्यास वाचून दाखवावे असा रिवाज आहे, म्हणून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखविले. सही करण्यास तिने नकार दिला. मात्र शेवटपर्यंत ऐकले, आणि ऐकताना उजवी मूठ आवळलेली होती ती आता उघडी आहे, असे मला येथून दिसते.

तुझा बाप